आजचा अहवाल निरंक

स्वाइन फ्लूच्या वर्षी आम्ही इतके फॉर्म भरले, की डोळे मिटले तरी रकानेच दिसायचे. ताप, खोकला, शेरा. शेऱ्याची जागा बोटभर! त्यात जे मावलं नाही ते आमच्याकडेच साचत गेलं. मी तेव्हा आणे पठारावर नर्स होते. आता तिथल्या आम्ही जुन्या बायका भेटलो, की कपातला चहा निवून जातो आणि तेच वर्ष धुक्यातून वर येतं.

*

रोज दुपारी चार वाजता तालुक्याला कळवायचं, आज नवे पेशंट किती. मोबाईलला रेंज मिळायची फक्त देवळाच्या ओट्यावर, तीही एका कोपऱ्यात. तिथं उभी राहून मी ओरडायचे, "हॅलो! आज निरंक! नि-रं-क!" निरंक म्हणजे एकही नाही. समोर नुसतं वाऱ्यानं लवणारं गवत, आणि माझा आवाज त्यावरून लांब लांब जायचा.

ओट्यावर एक आजोबा बसलेले असायचे. आठवडाभर त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बाई, रोज येवढ्या जीव तोडून हाका मारता. ही निरंका हाय तरी कोन? अन् येत का न्हाई?"

*

बेल्ह्याच्या बैलबाजारात आम्हाला माहिती द्यायला पाठवलं. जीपवर कर्णा लावून आमचे आरोग्यसेवक शिंदेभाऊ सांगत होते, "तोंडाला रुमाल बांधा! हातात हात देऊ नका!"

आता बैलाचा सौदा काही तोंडानं होत नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबायची, की ठरलं. एक व्यापारी अर्धा सौदा सोडून जीपपाशी आला.

"भाऊ, रुमाल एकच हाय. तोंडावर घेऊ का हातावर?"

शिंदेभाऊंनी थोडा विचार केला आणि स्वतःच्या तोंडावरचा रुमाल सोडून त्याला दिला. उरलेला बाजारभर भाऊ शर्टाची कॉलर नाकापर्यंत ओढून बोलत होते!

*

धोंडीबा मेंढपाळ. पुण्याहून आलेल्या भाच्याला भेटला आणि दोन दिवसांत तापला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सात दिवस वेगळं राहायला सांगितलं आणि विचारलं, "वेगळी खोली आहे का?"

धोंडीबा हसला. "हे समदं पठार माझी खोलीच हाय की, साहेब!"

मी रोज सकाळी बघायला जायचे. धुकं इतकं, की मेंढ्याही दिसायच्या नाहीत, फक्त गळ्यातल्या घंटा वाजायच्या. मी लांबूनच हाक मारायचे, "बाबा, ताप?" धुक्यातून आवाज यायचा, "नाय!"

पाचव्या दिवशी आवाज आला नाही. पुन्हा हाक मारली. काही नाही. घंटाही गप्प. तशीच चिखलातून धावत गेले. मेंढ्या गोल करून बसल्या होत्या आणि मधे धोंडीबा, तोंडाला फडकं, ओठांवर बोट. शेजारची मेंढी नुकतंच जन्मलेलं कोकरू चाटत होती.

मला धाप लागलेली. घाईत माझा मास्क हनुवटीवर आलेला. धोंडीबानं एकदा कोकराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"बाई, आधी तोंड झाका. लेकरू नवं हाय!"

*

पुढं माझी ड्यूटी तालुक्याला हेल्पलाईनच्या फोनवर लागली. दुपारी बारा वाजले, की डिंगोऱ्याहून एका मावशींचा फोन यायचा.

"टीव्हीवर पुन्याचा आकडा सांगत्यात. त्यात आमचा अशोक हाय का बघा."

अशोक त्यांचा मुलगा, पुण्यात कंपनीत होता. आठवडाभर त्याचा मोबाईल बंद.

मी म्हटलं, "मावशी, आमच्याकडं नावं येत नाहीत. नुसता आकडा येतो."

"मग आकड्यालाच इचारा की."

शेवटी त्याच्या खोलीखालच्या दुकानाचा नंबर शोधला. दुकानदारानं अशोकला बोलावून आणलं. तो बोलायच्या आधी खोकलाच ऐकू आला.

"तपासून घेतलंस का?" मी विचारलं.

"घेतलं. गोळ्या चालू हायेत, उतार पडतोय. पन सिस्टर, आईला सांगू नका. खोकला ऐकू नये म्हनून तर मोबाईल बंद ठेवलाय. कळलं तर ती चालत येईल."

दुसऱ्या दिवशी बाराला मी मावशींना सांगितलं, "अशोक मजेत आहे. मोबाईल बिघडलाय त्याचा."

पलीकडं कुठंतरी कोंबडी ओरडत होती.

"खोकतो का?"

"नाही, मावशी."

"बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्याच्या पुढच्या दिवशी बारा वाजले, सव्वाबारा झाले, फोन आला नाही. साडेबाराला वाजला. अशोक होता.

"सिस्टर, तुमी आईला काय सांगितलं?"

"तू मजेत आहेस म्हणून सांगितलं."

"मग ही सकाळपासून माझ्या दारात आडुळशाचा पाला घेऊन कशी काय बसलीय?"