चालतं नाव

"जंग-सुक ओन्नी, तुझं खरं नाव लिहायला मला पन्नास वर्षं लागली. "

एवढं लिहून मासायो थांबली.

ओसाकात, इकुनोतल्या एका कारखान्यात दोघींनी उभी हयात चपलांना तळवे चिकटवले. दुपारी गोंदाच्या वासानं डोकं हलकं व्हायचं, माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसायची. कोरियनमध्ये 'ओन्नी' म्हणजे थोरली बहीण; मासायो तिला तेच म्हणायची, पण तिथं सगळ्यांसाठी ती ताकायामा सादाको. असल्या नावाला जपानीत 'त्सूमेई' म्हणतात. चालतं नाव. घर भाड्यानं घेताना चालतं, शाळेत चालतं. कोरियन आईबापांनी ठेवलेलं नाव कागदांत निजून राहतं. मासायोचंही निजलेलंच.

पंच्याहत्तरीत ओन्नीला लहर आली. दवाखान्याच्या कार्डावर तिनं खरं नाव घातलं. नर्सनं पुकारलं, "को जंग-सुक सान!" कुणी उठेना. पुन्हा पुकारलं. ओन्नी डोळे मिटून ऐकत होती. लहानपणी, कोरियातल्या जेजू बेटावर तिची आई समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले काढायची, वर आली की किनाऱ्याकडे बघून अशीच हाक घालायची.

"किती गोड नाव!" ती शेजारी बसलेल्या मासायोला कुजबुजली. "कुणाचं गं?"

"तुझंच, म्हातारे! ऊठ!"

तिथं दोघी पोट धरून हसल्या. घरी येताना मात्र ओन्नी रडली. "वर गेल्यावर आईनं हाक मारली, नि मी अशीच ढिम्म बसून राहिले तर?"

दुसऱ्याच दिवशी तिनं खऱ्या नावाची पाटी करायला टाकली. दारावर येताजाता दिसलं की नाव अंगवळणी पडेल. पण आठवड्यात तिनं अंथरूण धरलं.

"पावती सापडत नाही. तू नुसतं नाव सांग, देतील."

मासायो गेली. दुकानात तिची जुनी शेजारीण उभी होती. मासायो जपानी नाही, हे त्या बाईला ठाऊक नव्हतं.

"कुणाची पाटी?" दुकानदारानं विचारलं.

"ताकायामा," मासायो म्हणाली.

"त्या नावाची नाही हो."

"बरं," म्हणून ती परतली. ओन्नीला सांगितलं, "रंग वाळायचाय अजून." पुढच्या आठवड्यातही तेच सांगितलं. मग ओन्नी गेली. मयतीतसुद्धा सादाकोच.

मासायोनं पुन्हा पेन उचललं. "हाक ओळखलीस का गं?"

पाटी अजून दुकानातच आहे.