लॉबीतलं फुकट वायफाय

सुकटीच्या पिशवीतून मूठभर काढायला जावं आणि अर्धी पिशवी बाहेर यावी, तसं आमच्या किश्श्यांचं होतं. आम्ही रत्नागिरीचे तिघे जहाजावर एकत्र. मी फिटर, नाझीम इंजिनरूममध्ये, भिकूदादा भटारखान्यात. जहाज बंदराला लागेपर्यंत कंपनी हॉटेलात ठेवते. खोलीचं भाडं कंपनीचं, फोन-इंटरनेट आपल्या खिशातून. तिथेच खरी अक्कल लागते, आणि ती आमच्याकडे भरपूर!

*

आधी मिस्ड कॉलचा जमाना. भिकूदादाने वैनीला शिकवलं होतं, "एक रिंग म्हणजे हॉटेलात पोचलो. दोन म्हणजे जहाजावर चढलो. उचलायचा नाय!"

पहिल्याच रिंगला वैनीने फोन उचलला. "अवो, एक झाली. दुसरी वाजवताव, की एवढीच?"

*

मग वायफाय आलं. खोलीत महाग, लॉबीत फुकट. रेंज सगळ्यात चांगली लिफ्टजवळ, म्हणून भिकूदादा पांढरा शर्ट घालून तिथेच उभा! एका गोऱ्या बाईने त्याच्या हातात बॅग दिली. दादा मुकाट पाचव्या मजल्यावर पोचवून आला.

"फुकट इंटरनेट, वर टीप! तुम्ही बसा खोलीत."

*

दुसऱ्या हॉटेलात खोलीमागे रोज अर्धा तासच फुकट. मी काउंटरवर गेलो तर पोरगी म्हणते, "सर, तुमचा अर्धा तास संपला. मॅच बघितलीत ना तुम्ही?"

माझा खोली नंबर टाकून नाझीमने बघितली होती!

"मग जिंकलं कोण, तेवढं तरी सांगा," मी म्हटलं.

*

मीही काही कमी नाही. हॉटेलचा फोन नको, वायफाय नको, म्हणून ऐटीत बसलो. रोमिंगचा डेटा बंद करायचा राहिला! घरच्या ग्रुपवर आत्या रोज सकाळी गुलाब पाठवते, ते सगळे धडाधड उतरले.

बिल बघून भिकूदादा म्हणाला, "ताजे होते ना पण?"

*

गेल्या खेपेची गोष्ट. भिकूदादाची एकुलती एक मुलगी, सुरेखा. तिला बघायला अलोऱ्याचे पाहुणे येणार होते. बाप त्याच अर्ध्या तासाच्या हॉटेलात, जायची सोय नाही. "मुलाशी मी स्वतः बोलल्याबिगर होकार द्यायचा नाय," असं दादाने घरी बजावलेलं. लॉबीत आम्ही तिघे इस्त्रीचे शर्ट घालून बसलो.

पाहुण्यांची गाडी हातखंब्याला अडकली. दादाचा अर्धा तास तिथेच गेला, मग माझा, मग नाझीमचा. शेवटी मुलगा समोर आला, "नमस्कार" म्हणाला आणि चित्र थिजलं!

मी पाकीट काढेपर्यंत दादा काउंटरवर पोचला होता. "सगळ्यात मोठा प्लॅन दे. खोलीच्या बिलावर लाव."

दादा मुलाशी पोटभर बोलला. होकार झाला. आम्हालाच रडू आलं.

दुपारी त्याच्या खोलीत गेलो. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, स्क्रीनवर रिकामी ओटी. वैनीचा आवाज आला, "अवो, पावणे कवाच गेले. हितं आता कोन नाय. बंद करू?"

"नको गो. जरा खळ्याकडं तोंड करून ठेव. उद्या सकाळपर्यंतचं भरलंय."

घरापुढच्या खळ्यात एक कोंबडी माती उकरत होती. आम्ही पलंगाच्या कडेला बसलो. बऱ्याच वेळाने नाझीम पुढे वाकला.

"वैनी, जरा डावीकडं फिरवा ना. आंबा दिसत नाय."