ठिपका हलेना तेव्हा

नातीच्या रेडिओला पोरखेळ म्हणणाऱ्यांनो, आजचं ऐका.

ब्रह्मगिरीच्या फेरीत आमची स्वाती हॅम रेडिओ, म्हणजे मोबाइलची रेंज नसली तरी चालणारा बिनतारी संच, घेऊन चालत होती. ती कुठं पोचली, ते खाली त्र्यंबकच्या तंबूत कॉम्प्युटरच्या नकाशावर ठिपक्यानं दिसायचं. मी तिथंच बसलेले. मधेच ठिपका थांबला.

"दमली वाटतं तुमची नात," शेजारची मंदा हसली.

"दमायला ती काय तुझी सून हाय?" मी म्हटलं, पण खुर्ची नकाशाजवळ ओढलीच.

तेवढ्यात रेडिओवर स्वाती बोलली, "एका मावशींचा पाय मोडलाय. मोबाइलला रेंज नाही. माझ्या ठिपक्यावर स्ट्रेचर पाठवा, मी इथून हलत नाही."

धुकं लय होतं, तरी स्ट्रेचर नेमकं तिथंच पोचलं. मावशी आता दवाखान्यात सुखरूप हायेत.

उद्या स्वातीला बघायला पाहुणे येणारेत. "लग्नानंतर रेडिओ सोड" म्हणाले, तर चहा पाजू का तसंच धाडू?