सुकेळीवाल्या अण्णांचं औषध

सुकेळीवाल्या अण्णांबद्दल लिहायचं मी आजवर टाळलं. लिहिलं असतं तर माझीच घाण बाहेर आली असती.

आगाशीच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. राजेळी केळी सुकवून विकणारे अण्णा रोज सकाळी येत, दारू सोडायची गोळी सगळ्यांसमोर गिळत आणि जीभ काढून दाखवत. "बघा रे, गेली!" बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत. दारूबंदी आली तरी गावठी मिळतच होती. तिच्यापायी अण्णांची निम्मी वाडी गेली होती.

गोळीचं काम ते डॉक्टरांपेक्षा सोपं करून सांगत. "दारू पोटात गेली की तिचं आधी विष होतं. ते विष संपवणारा एक गडी आपल्या यकृतात असतो. ही गोळी त्याचे हात बांधते. मग घोटभर घेतली तरी विष साचतं, माणूस लालबुंद होतो, ओकतो." वर हसत, "गडी बांधला म्हणून धनी शुद्धीवर!"

मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी त्यांना खोकला झाला. "अण्णांच्या औषधात स्पिरिट नको, तीही दारूच," डॉक्टरांनी बजावलं होतं. वेगळं औषध कालवायचा मला कंटाळा आला. चमचाभराने काय होतंय, म्हणून स्पिरिटवालं तयार औषधच बाटलीत ओतून दिलं. पाहुण्यांपुढे खोकला नको म्हणून अण्णांनी अर्धी बाटली तोंडाला लावली.

साखरपुड्याला मीही होतो. पाहुणे बसले आणि अण्णांचे डोळे तांबारले, धाप लागली. नव्या धोतरावरच ओकले. मुलाच्या वडिलांनी नाकाला उपरणं लावलं.

"सोयरीक करायला आलो की गुत्त्यावर? कंपाउंडर, तुम्हीच सांगा, प्यायलेत ना हे?"

"मुलीची शपथ, थेंब नाही घेतला," अण्णा म्हणाले. "सांग रे तू."

मी म्हटलं, "लक्षणं तर तीच आहेत."

त्या ओकारीची किळस तेव्हाच गेली. या वाक्याची शिसारी अजून येते. ते खोटंही नव्हतं, म्हणून जास्तच. कोनाड्यातली बाटली मी खिशात घातली आणि केळींच्या आळ्यात रिकामी केली.

सोयरीक मोडली. "न पिताच दारुडा ठरलो, तर गोळी कशाला?" म्हणत अण्णा पुन्हा प्यायला लागले. दोन वर्षांत पोट पाण्याने फुगलं. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनीच माझा हात धरला.

"मनाला लावून घेऊ नको. तुला दिसलं ते बोललास."

"अण्णा..."

"काय रे?"

"काही नाही. सहज आलो होतो."