सुनेच्या परीक्षेत मी उत्तर सांगितलं

"स्कॅनमधी काय निघालं न्हाई, मग सून घरी कशाला बसवलीय?" असं इचारणाऱ्यांनी आदी हे वाचा.

राम राम. माझी सून चाकणला कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर हाय. परवा कुरुळीजवळ स्कूटीवरनं पडली, डोकं आपटलं. स्कॅन चांगला आला, पन काल कुकर लावला आन् खाली गॅस पेटवायचाच विसरली. म्हणून आज परत दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द सांगितले, जरा इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणल्या, "आता ते शब्द सांगा." तिला तीनच आले. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला ऱ्हावलं न्हाई, मी हळूच म्हणलं, "कंदील."

डॉक्टरीणबाई म्हणल्या, "आजी, डोकं तुमचं आपटलंय का?"

मी फणकारले, पन सूनच म्हणली, "आई, नका सांगू. मशीनमधी हात माझा जातो. खरं काय ते कळू द्या."

मी तिची दहाच्या दहा बोटं मुठीत धरून बसले.

पंधरा दिवस मशीन बंद, मग परत तपासणी. बहुतेकांचं सुधारतं म्हणल्या.

तुमच्यात कुणाचं असं झालं व्हतं का? किती दिवसांनी ध्यानात ऱ्हायला लागलं? ज्याच्या डोक्याला लागलं व्हतं त्यानंच लिवायचं. तेल-लेप सांगणाऱ्यांनी गप बसायचं.