बंद खिडक्यांची शिकवणी

इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी नववी-दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. बाहेर हायवेचा आवाज आणि नाशिकची थंडी, त्यामुळे हिवाळाभर खिडक्या लावलेल्याच असायच्या. त्या हिवाळ्यात मला खोकला लागला. काढा झाला, हळद-दूध झालं, मेडिकलवाल्याचं सिरप झालं. खोकला काही हलेना. संध्याकाळी अंग तापायचं आणि ब्लाउज सैल पडायला लागले.

महापालिकेने आमच्या भागातल्या बागेत सकाळचा मोफत योगवर्ग सुरू केला होता. मी आणि खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण तिथे एकत्र जायचो. तिची मुलगी माझ्याकडेच शिकायला होती. वर्गातल्या बायका म्हणायच्या, "काय बारीक झालीस गं! योगाचा गुण आला." मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मग एका दुपारी महापालिकेची आरोग्यसेविका दाराशी आली. क्षयरोगाची घरोघर पाहणी चालू होती. मुलगी तरुण, हरसूलकडची. चपला बाहेर काढून उंबऱ्याशीच उभी राहिली.

"काकू, घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला हाय का?"

"नाही," मी म्हणाले, आणि तेवढ्यात मलाच खोकल्याची उबळ आली. दाराची चौकट धरून मी उभी राहिले.

ती हसली नाही. पिशवीतून तिने प्लास्टिकची छोटी डबी काढली. "सकाळी उठल्यावर चूळ भरा, खोलवरून खोकला काढा आणि थुंकी यात द्या. मी घ्यायला येते."

"अहो, हा थंडीचा आहे."

"असंल. थंडीचा निघाला तर बरंच."

थंडीचा निघाला नाही. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला आणि माझ्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "फुप्फुसाचा क्षय आहे. पूर्ण बरा होतो. औषध आमच्याकडून मिळेल. सहा महिने एकही दिवस चुकवायचा नाही." नवऱ्याचीही तपासणी झाली, त्याच्या छातीचा फोटो स्वच्छ आला. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"शिकवणी घेते."

त्यांनी लिहिणं थांबवलं. "कुठे? खोली केवढी आहे? खिडक्या उघड्या असतात?"

त्या खुर्चीत मला बसवेना. त्या खोलीत रोज तास दीड तास गुडघ्याला गुडघा लावून बसणारी मुलं डोळ्यांपुढे आली.

"मुलांची तपासणी करायला हवी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बागेजवळच्या समाजमंदिरात आपण आरोग्य शिबिर लावू. रुग्ण कोण हे आमच्याकडून कुणाला कळणार नाही. काळजी करू नका."

घरी आल्यावर मी फळा पुसला. मग ओल्या फडक्याने परत पुसला. सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, सतरंजी गच्चीवर नेऊन वाळत घातली, ती पुन्हा उचलून दुसऱ्या दोरीवर टाकली. नवरा म्हणाला, "जरा बस की. नाव येणार नाही म्हणाल्यात ना त्या?"

"नुसतं शिबिर म्हटल्यावर सगळी मुलं येतील कशावरून? कुणाचा क्रिकेटचा सामना असेल, कुणी गावाला जाईल. एक जरी राहिलं तर?"

"आणि सांगितलंस तर उद्यापासून एक तरी मूल येईल का?"

रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी पहिली गोळी घेतली आणि मुलांच्या घरी एकेक फोन लावून मला क्षय झाल्याचं सांगितलं. एक वडील "बरं झालं सांगितलंत" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. एका आईने विचारलं, तुम्ही तपासलेल्या वह्यांना हात लावला तर चालेल ना? मी म्हटलं, चालेल, हा हवेतून होतो. सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता.

मैत्रिणीला फोन करणं बरं दिसेना. मास्क लावून खाली गेले. तिने दार उघडलं, माझा मास्क पाहिला आणि जागीच थबकली. मी सगळं सांगितलं.

"तुला कधी कळलं?"

"काल."

"आणि खोकतेस कधीपासून?"

तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. त्याचंच जास्त लागलं.

शिबिराला मात्र सगळी मुलं आली. मी लांब झाडाखाली उभी होते. आत जायचं धाडस नव्हतं आणि घरी जाववत नव्हतं. समाजमंदिराच्या पायऱ्यांवर मुलं चेष्टामस्करी करत होती. त्यातल्या एकीने मला पाहून हात हलवला. तिच्या आईने तो खाली केला.

चार-पाच दिवसांनी आरोग्यसेविका घरी आली; आता मी तिला सिस्टर म्हणायचे. "काकू, रोग एकालाबी नाय," ती म्हणाली. पण तिचं बोलणं तिथे संपलं नव्हतं. "काहींना आधीपासूनच गोळ्या देणार हाय, पुढे होऊ नये म्हणून. कुणाला ते नाय सांगता येत."

मला ते संध्याकाळी कळलं. मैत्रीण जिना चढून आली, बेल दाबली आणि दार उघडताच म्हणाली, "शिबिरात तपासणीची सुई टोचली तिथे माझ्या पोरीचा हात सुजला, म्हणजे जंतू अंगात गेलाय. तुझ्याकडून आलं ते." नवरा मधे बोलायला लागला, की असा जंतू कुठूनही येऊन अंगात झोपलेला असू शकतो, डॉक्टरच म्हणाल्यात. मी त्याचा दंड धरला. ती रडत खाली गेली.

पुढचे दिवस कसे काढले, सांगता येत नाही. पुस्तक घेतलं की दोन ओळींत ठेवायचे. गॅसवर दूध ठेवून बाल्कनीत जायचे आणि ते उतू जायचं. संसर्गाचा काळ सरल्यावर डॉक्टरबाईंनी बागेत जायची मुभा दिली. योगवर्गात मी मागच्या कोपऱ्यात चटई टाकायचे. मैत्रिणीचं येणं बंद झालं होतं. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज आला की मी कुलूप लावत असले तरी थांबायचे. ती मान खाली घालून निघून जायची. मुलीला तिने दुसरीकडे शिकवणी लावली.

एका सकाळी चहा गाळत असताना बेल वाजली. दारात तीच होती, केस विस्कटलेले.

"पोरीला लघवी लाल झालीय. नारिंगी, लाल. कालच पहिल्या गोळ्या घेतल्यात. रक्त तर नसेल ना?"

"अगं नाही. माझीही होते. औषधाचा रंग आहे तो. पहिल्यांदा मी बाथरूममधूनच ओरडले होते. तिला मळमळतंय का? डोळे पिवळे दिसतात?"

"नाही."

"मग काही नाही. तरी सिस्टरना फोन कर, विचारून घे."

तिने तिथेच उभं राहून फोन लावला. पलीकडून सिस्टरने तेच सांगितलं. तिचे खांदे खाली आले. ती वळली आणि जिना उतरून गेली.

त्या गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या होत्या. गोळ्यांच्या दिवशी ती वर यायची, दारातूनच विचारायची. आधी खायला काय द्यावं? उलटी झाली तर? मला माहीत असेल ते सांगायचे, नसेल तर दवाखान्यात विचारून सांगायचे. माझं कसं चाललंय हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दरम्यान माझा खोकला गेला, वजन भरलं. थुंकी स्वच्छ आल्याचं सिस्टरने बागेतच येऊन सांगितलं. हळूहळू काही मुलं परत आली. मी त्यांना उघड्या खिडक्यांत, स्वेटर घालून बसवलं.

मुलीच्या गोळ्या संपल्या त्या दिवशी मैत्रीण आली.

"झाल्या एकदाच्या."

"बरं झालं."

"मला तुझा राग आहे अजून."

"असू दे," मी म्हटलं.

ती उंबरा ओलांडून आत आली आणि कडेच्या खुर्चीत टेकली. "पाणी दे गं," म्हणाली. मी दिलं. तिने ग्लास ओठांना लावून सगळं पाणी संपवलं, आणि तो रिकामा ग्लास कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखी हातात घेऊन बसून राहिली.