चतुराबाईचा काळा रोल

सेलूच्या बाजारात बन्सीधरचा फोटो स्टुडिओ आहे असं अख्खं गाव म्हणायचं, आणि अख्खं गाव तिथंच चुकायचं. पाटीवर नाव बन्सीधरचं, कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं बन्सीधरचं, 'हलू नका, श्वास धरा' म्हणणारा आवाजही त्याचाच. पुढचं सगळं त्याच्या बायकोचं. फोटो उतरलेली काच काळ्या खोलीत गेली की ती चतुराबाईच्या हातात. औषध कालवायचं, पाणी किती गार आहे ते कोपर बुडवून बघायचं, लाल दिव्याखाली माणूस उमटेपर्यंत ताट हलवत बसायचं, आणि उमटलेल्या माणसाच्या गालावरचे देवीचे व्रण बारीक पेन्सिलीनं भरून काढायचे. त्या औषधानं बन्सीधरच्या हाताला फोड यायचे. एका उन्हाळ्यात त्यानं ताट बायकोपुढं सरकवलं ते बारा वर्षं तिच्यापुढंच राहिलं. गावातले निम्मे नवरदेव देखणे झाले ते हिच्यामुळं, शाबासकी मिळाली त्याला. तो दुष्ट नव्हता, भित्रा होता. घरात एक भित्रा असला की दुसऱ्याला हुकूम सोडायला काय लागतं?

हुकूम सोडणारा होता थोरला भाऊ आबासाहेब. जिनिंगच्या कारखान्यात कारभारी. अंगात शेरवानी, तोंडात 'हुजूर' आणि 'मेहरबानी', आणि एवढ्या दोन शब्दांवर आपल्याला उर्दू येतं असा ठाम समज. धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही ही रीत तो फार मनापासून पाळायचा. ती दाराआडच उभी असली तरी भिंतीकडं बघून म्हणायचा, "बन्स्या, सांग तिला." आणि बन्सीधर तेच वाक्य पुन्हा बायकोला ऐकवायचा, जणू ती बहिरी.

आता भांडण कशाचं ते सांगते. गावातल्या पडदानशीन घरांतून, तशाच व्यापाऱ्यांच्या घरांतूनही निरोप यायचे, की आमच्या बायकांचे फोटो काढायचेत, कोणी बाई असेल तर पाठवा. बाई कुठून आणायची? चतुराबाई म्हणाली, मी जाते. घरात एक बॉक्स कॅमेरा पडून होता. पोटाशी धरायचा, वरच्या भिंगात बघायचं, कळ दाबायची. आठ फोटोंचा रोल. बारा वर्षं दुसऱ्यांच्या चुका धुतल्यावर चूक कुठं होते हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"सांग तिला," आबासाहेब भिंतीला म्हणाला, "आपल्या घरची बाई डबडं घेऊन दारोदार फिरणार न्हाई."

"सांगा त्यांना," चतुराबाई दाराआडून म्हणाली, "बारा वर्षं घरात बसून दुकान चालवायलेय ते चालतंय, आन् चार पावलं भाईर टाकली की घर बुडतंय व्हय?"

बन्सीधरला कामच उरलं नव्हतं. दोघांनाही ऐकू आलंच होतं.

शेवटी आबासाहेबानं अट घातली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात कारखान्यातल्या यंत्राच्या पट्ट्याच्या कामासाठी तो मुंबईला निघाला होता. दोघी जावा, दोघे भाऊ सगळेच जाणार होते, आणि एक दिवस बोटीनं अलिबागला जाऊन यायचं ठरलं होतं. "तिथं काढू दे तिला आठ फोटो. त्यातले चार जरी बरे निघाले तर डबडं तिचं. न्हाई निघाले तर मी ते इकून टाकणार, आन् पुन्हा ह्या घरात हा विषय न्हाई."

चतुराबाईनं ते ऐकून रोल आणवला, त्याची कंपनीची डबी ट्रंकेत जपून ठेवली, आणि रोलला ऊन लागू नये म्हणून काळ्या सॅटिनची एक खोळ शिवली.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळची बोट, रेवसला उतरून पुढं मोटार. दुपारच्या आत अलिबाग. तिच्या स्टुडिओच्या पडद्यावर एक समुद्र रंगवलेला होता, निळाशार, त्यात दोन राजहंस. दहा-बारा वर्षं सेलूची माणसं त्याच्यापुढं बसत होती. किनाऱ्यावर उभं राहून खरा समुद्र नीट बघितल्यावर तिला आनंद व्हायच्या आधी राग आला. राखाडी, मळकट, एका जागी न थांबणारा! "त्या पेंटरनं आमाला फसवलं की वो," ती बन्सीधरला म्हणाली. "ह्यात हंस कुठं ऱ्हातील?"

पण मग ती कामाला लागली. ऊन पाठीशी घ्यायचं, लाटेची रेघ तिरकी येऊ द्यायची नाही, दम रोखून कळ दाबायची, आणि लगेच रोलचा आकडा पुढं सरकवायचा, नाहीतर एकावर एक दोन फोटो बसतात. भुताचे फोटो म्हणून गिऱ्हाइकं घाबरतात ते हेच. बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणीला तिनं आधी विचारलं. कोळीण म्हणाली, "काढ गो बाय, पन मासळी पन दिसूं दे." तिला हे गिऱ्हाईक फार आवडलं. ओहोटीत तिघं चालत किल्ल्यात गेली, तिथं दोन काढले. आबासाहेब किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली नाकाला रुमाल लावून बसला होता.

सातवा फोटो धुरपताबाईचा. आबासाहेबाची बायको, चतुराबाईची थोरली जाऊ. जन्मात एकदाही फोटो निघालेला नाही. किल्ल्यातून परतताना पाणी वाढायला लागलं, गुडघ्यापर्यंत आलं. धुरपताबाईनं एकदा किनाऱ्याकडं बघितलं, नवरा दूर होता. पदर खोचला, आणि ती बाई हसायला लागली. हसतच राहिली. लाट आली की 'आगं माय' म्हणून ओरडायची आणि पुन्हा हसायची.

"चतुरे, असाच काढ माझा. त्यान्ला सांगू नको."

"हलू नका, आक्का."

"मी कुठं हलायलेय? ह्ये पानीच हलवायलंय मला!"

चतुराबाईला माहीत होतं, हा फोटो चांगला आलाय. धुण्याआधीच माहीत होतं. आठवा संपल्यावर तिनं रोल काढला, चिकटपट्टी ओली करून बंद केला आणि सॅटिनच्या खोळीत घालून कमरेला खोचला.

परतीच्या गाडीनं आमच्या निजामी मुलखाची हद्द गाठली तेव्हा भर दुपार होती. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, कारकून डब्यात चढला. मुंबईहून येणाऱ्या मालावर जकात, तेव्हा ट्रंका उघडणं आलंच. कारकून वयस्क होता, सभ्य होता. चतुराबाईच्या कमरेची काळी पिशवी बघून त्यानं विचारलं, "ये क्या है जी?"

आबासाहेब ताडकन उभा राहिला. "हुजूर, तस्वीर का रोल। घर का है, हुजूर।" हात पुढं करून त्यानं पिशवी बन्सीधरकडून मागवली, आणि बन्सीधरनं ती बायकोच्या कमरेची काढून दिली. तिथंच त्याचे हात मोडले असते तर बरं झालं असतं.

कारकून म्हणाला, "इसका खोल दिखाओ।"

एवढंच. खोल म्हणजे वेष्टण, वरची डबी. आपण उशीची खोळ म्हणतो ना, तोच शब्द. त्याला डबीवरचा छाप बघायचा होता, माल नवा की वापरलेला एवढंच ठरवायला. ज्या बाईनं आठ दिवसांपूर्वी स्वतःच्या हातानं खोळ शिवली होती तिला तो शब्द लगेच कळला.

"डबी मागायलेत वो! डबी ट्रंकेत हाय, खोळ म्हणायलेत ते—"

"बन्स्या, गप बसव तिला! मला उर्दू शिकवायली का?"

आणि आबासाहेबानं चिकटपट्टी फाडली. रोलचं टोक धरलं आणि दोन हात पसरून तो अख्खा उलगडला. रोलच्या पाठीचा लाल कागद खाली लोंबतोय, राखाडी पट्टी खिडकीतल्या उन्हात चमकतेय, आणि हा गृहस्थ लग्नातला शालू दाखवावा तशी ती कारकुनाला दाखवतोय.

"बगा हुजूर, कुच नहीं है। एकदम खाली।"

कारकुनानं कपाळावर हात मारला. "अरे साहब! मैं खोल पूछा, आप रोल खोल दिए!" त्यानं एकदा चतुराबाईकडं बघितलं, मान खाली घातली आणि पुढच्या बाकाकडं निघून गेला. साऱ्या डब्यात लाज वाटलेला तो एकटाच.

चतुराबाई रडली नाही. लोकांना वाटतं अशा वेळी बायका रडतात. तिनं रोल गुंडाळला आणि सेलूपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. धुरपताबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तोही तिनं झटकला.

घरी आल्यावर रोल तिनं तरीही धुतला, आणि पट्टी माजघरात सगळ्यांसमोर टांगली. टोकापासून टोकापर्यंत डांबरासारखी काळी.

आबासाहेब भिंतीला म्हणाला, "काहीच आलं न्हाई. रोलच खराब असंल. आन् बाईमाणसानं खरंच काढले व्हते का नुसतीच कळ दाबली, कोनाला ठाव? अट म्हणजे अट. डबडं इकायला काढ, बन्स्या."

बारा वर्षांत पहिल्यांदा चतुराबाई दाराआडून पुढं आली आणि भिंत व भावजी यांच्यामध्ये उभी राहिली.

"कळ दाबली नसती तर पट्टी कोरी निगाली असती, काचेसारखी. ही काळी हाय. ऊन खाल्लंय तिनं. कोन खाऊ घातलं?"

आबासाहेब अंगात आल्यासारखा ओरडला, "बन्स्या!"

बन्सीधर चपला शोधायला लागला.

"ठीक हाय," ती म्हणाली. "आजपासून काळ्या खोलीत मी पाय ठेवनार न्हाई. ज्यानं त्यानं आपापलं धुवावं."

पहिले दोन दिवस कोणी मनावर घेतलं नाही. मग बन्सीधर काचांच्या पेटीकडं बघून घाम पुसायला लागला. मुंबईला जायच्या आदल्या दिवशी तहसीलदारसाहेबांच्या चहापार्टीचा ग्रुप फोटो काढला होता. मधे साहेब, बाजूला हाताखालचे अंमलदार, आणि मागच्या रांगेत मान उंच करून आबासाहेब. काच एकच. येत्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, तसबीर हजर करतो असं आबासाहेबानं स्वतः कबूल केलेलं. काच बिघडली तर साहेबाला पुन्हा खुर्चीत बसवायला कोण सांगणार? बन्सीधरनं औषधाची बाटली हातात घेतली, औषध किती आणि पाणी किती ते आठवून बघितलं, आणि बाटली जागेवर ठेवली.

बुधवारी आबासाहेब मागच्या दारी आला. चतुराबाई ज्वारी निवडत होती.

"बन्स्या, सांग तिला—"

"ते दुकानात हायेत," ती वर न बघता म्हणाली. "इथं मी हाय आन् सूप हाय. कोनाशी बोलायचंय?"

आबासाहेब सुपाकडं बघून म्हणाला, "ती काच... धुवून पायजे."

"कॅमेरा?"

"घे. ऱ्हाऊ दे तुलाच."

"आन् रोल कोन खोलला?"

"झालं ते झालं की आता."

"आक्का!" तिनं हाक मारली. धुरपताबाई चुलीपुढून उठून आली. "भावजी काय म्हणायलेत ते ऐका जरा."

आबासाहेबाचा चेहरा वांग्यासारखा झाला. जोत्याकडं बघत तो म्हणाला, "म्या खोलला. तो खोळ म्हणला, मला कळलं न्हाई."

धुरपताबाई नवऱ्याकडं एकदा बघून आत गेली, आणि आत तव्यावर उलथनं इतक्या जोरात आपटलं की शेजारणीनं विचारलं, काय पडलं गं.

चतुराबाईनं हात धुतले आणि काळ्या खोलीत शिरून आतून कडी लावली. लाल दिव्याखाली ताटात साहेब उमटले, खुर्च्या उमटल्या, मागच्या रांगेत आबासाहेबाची उंच मान उमटली. ओल्या काचेवरचा थर सायीसारखा मऊ असतो. अंगठ्याचं नख नुसतं फिरवलं की माणूस पुसला जातो, आणि लोक म्हणतात काचेतच डाग होता. तिनं अंगठा त्याच्या तोंडावर नेला. राग कमी झालेला नव्हता. आठ फोटो गेले होते, पाण्यात हसणारी धुरपता गेली होती, आणि 'म्या खोलला' म्हटल्यानं त्यातलं काहीही परत येणार नव्हतं.

पण काच उत्तम निघाली होती. डाग नाही, बुडबुडा नाही, एकेक मिशी स्वच्छ. इतकं चांगलं काम त्याच्यासारख्या माणसासाठी खराब करायचं? तिनं अंगठा मागं घेतला, काच पाण्यात धुतली, वाळवायच्या लाकडी घोडीवर उभी केली आणि कडी काढली.

दारात दोघे भाऊ उभे होते.

"वाळू द्या," ती म्हणाली. "कोनी हात लावायचा न्हाई."